मागच्या बाकावरची साक्ष

ऑल्डरटनमध्ये कपडे धुणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण केझाया बार्लोसारखी कडक कॉलर कुणाला जमत नसे. वकील, डॉक्टर आणि बँकेतले दोघे कारकून तिच्याकडेच शर्ट पाठवत. सोमवारी ती कपडे उकळी, मंगळवारी खळ करी, बुधवारी इस्त्री. रविवारी ती नदीकाठच्या नव्या चर्चमध्ये जाई. हे चर्च मुक्त झालेल्या काळ्या लोकांनी अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर स्वतः लाकडे वाहून उभे केले होते. महिन्यातून एकदा तिथे प्रभुभोजन असे. त्या रविवारी केझाया मागच्या भिंतीला टेकून बसे आणि भाकरीची थाळी आपल्या शेजारून पुढे जाताना पाही. तिला कुणी देत नसे आणि ती हात पुढे करत नसे. हे १८६६ च्या उन्हाळ्यापासून तीन वर्षे चालले.

कारण साधे होते: भाकरी मंडळीच्या सभासदांनाच मिळे, आणि ती अजून सभासद नव्हती. बॅप्टिस्ट लोकांत एका मंडळीतून दुसऱ्या मंडळीत जायचे तर जुन्या मंडळीचे पत्र लागते. ही बहीण आमच्यात नीट वागली, आम्ही तिला निरोप देतो, तुम्ही तिला घ्या, एवढाच मजकूर. जुनी मंडळी बंद पडली असेल तर माणसाच्या शब्दावरही भागते. नाहीतर पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचा. केझायाकडे पत्र नव्हते. तिची मंडळी बंद पडली होती असेही म्हणता येत नव्हते. आणि पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला ती तयार नव्हती.

नव्या चर्चचे पाळक लायसँडर मॅकी एकतीस वर्षांचे होते. सैन्यात सार्जंट होते, वाचायला तिथेच शिकले, आणि जे वाचले ते पाळायचे असते असे त्यांचे मत होते. गोऱ्यांच्या मंडळ्या नव्या चर्चवर डोळा ठेवून होत्या. हे लोक कुणालाही आत घेतात, असे म्हणायला त्यांना निमित्त हवे होते. मॅकी ते देणार नव्हते.

"मावशी, पाच मिनिटांचं काम आहे," ते दर उन्हाळ्यात म्हणत. "नदीत उतरायचं, वर यायचं. पाणीसुद्धा कोमट आहे."

"माझं पाणी कोमट नव्हतं."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक असेल, पण अंगाला लागलेलं नाही तुमच्या. फेब्रुवारी होता. ईनॉकनं कुऱ्हाडीनं बर्फ फोडला, मग आधी तो उतरला आणि त्याच्यामागं मी. आता दुसऱ्यांदा बुडले, तर पहिली नुसती अंघोळ ठरली. माझी ठरली की त्याचीही ठरली. आणि तो कुठून येणार आता पुन्हा बुडायला?"

ईनॉक तिचा नवरा. १८६४ च्या उन्हाळ्यात मालकाला न विचारता तो तेवीस मैल चालत सैन्याच्या छावणीत गेला आणि संघराज्याचा, म्हणजे उत्तरेचा, शिपाई झाला. निळा कोट त्याने साडेचार महिने घातला. मग छावणीत गोवराची साथ आली. मूल त्यांना नव्हते. म्हणजे एक झाले होते, ते मालकाच्या मुलीबरोबर मिसिसिपीला लग्नातल्या सामानासारखे पाठवले गेले आणि त्यानंतर त्याची बातमी आली नाही. केझाया याबद्दल बोलत नसे. विचारले तर म्हणे, "मुलगी होती. ऑगस्टा नाव," आणि इस्त्री निखाऱ्यावर ठेवी.

तिची जुनी मंडळी टार्लटन क्रीकची. ऑल्डरटनपासून नऊ मैल, ओढ्याच्या वरच्या अंगाला. चर्चला दोन दारे, एक पुरुषांचे आणि एक बायकांचे. गुलाम स्त्री-पुरुष बायकांच्या दाराने सर्वांत शेवटी आत येत आणि मागच्या एका लांब बाकावर बसत. नोंदवहीत त्यांची नावे सगळ्यांबरोबरच होती: 'बहीण केझी, प्रुइट यांची.' 'भाऊ ईनॉक, प्रुइट यांचा.' त्या बाकावर एकेकाळी चौदा जण बसत. काही मेले, काही दक्षिणेला विकले गेले. वहीत मेलेल्यांपुढे आणि विकलेल्यांपुढे एकच शब्द लिहिलेला असे: 'गेला.' १८६२ साली तीन उरले होते. केझाया, ईनॉक, आणि सत्तरी उलटलेले प्रायमसकाका, जे कॅसडींच्या गिरणीत पोती शिवत.

आमचे केंटकी राज्य युद्धात संघराज्याबरोबर राहिले आणि गुलामही राखून बसले. त्यामुळे कोण कुठल्या बाजूचा हे दारात उभे राहून सांगता येत नसे. केझायाचा मालक थॅडियस प्रुइट मंडळीचा डीकन, म्हणजे कारभारी. त्याचे दोन पुतणे दक्षिणेच्या फौजेत. गिरणीवाला ऑर्व्हिल कॅसडी संघराज्याचा कट्टर पाठीराखा. त्याचा जावई उत्तरेच्या घोडदळात. गुलाम कॅसडीकडेही चार होते. बासष्टच्या मे महिन्यापर्यंत हे दोघे एकाच पुस्तकातून गात.

त्या महिन्यातल्या शनिवारी कामकाजाची सभा होती. पाळक दुसऱ्या परगण्यातून घोड्यावरून महिन्यातून एकदा येत, अध्यक्ष तेच. सुरुवातीच्या प्रार्थनेत ते म्हणाले, "प्रभू, आमच्या राज्यकर्त्यांना सुबुद्धी दे."

कॅसडी बसल्या जागेवरून म्हणाला, "कुठल्या?"

"ऑर्व्हिल, डोळे मीट," प्रुइट म्हणाला.

"मिटतो. पण प्रार्थना कुठे पोचवायची ते देवाला तर कळू द्या. वॉशिंग्टनला की दक्षिणवाल्यांच्या रिचमंडला?"

"जे तुझ्या दारातली माणसं उद्या सोडवून नेणार आहेत, त्यांच्यासाठी तू कर प्रार्थना."

"माझी माणसं कोणी नेत नाही. तुझे पुतणे मात्र माझ्या जावयावर गोळ्या झाडतायत."

मग अर्धा तास दोघांच्या माणसांनी एकमेकांचे गुलाम, जमीन, पुतणे आणि जावई काढले. ते गुलाम मागच्या बाकावर बसून ऐकत होते. शेवटी कॅसडीचे लोक उठून पुरुषांच्या दाराने बाहेर पडले. त्याच वेळी प्रुइटचे लोक उठले; त्या दारात कॅसडीशी खांदा लागू नये म्हणून ते बायकांच्या दाराने गेले, बायकांच्याही आधी. पाळकांनी दोन्ही दारांकडे पाहिले, टोपी उचलली आणि घोड्यावर बसून ते निघून गेले. ते पुन्हा कधी आले नाहीत.

त्यानंतर चर्चच्या दोन्ही दारांना कुलपे लागली. पुरुषांच्या दाराचे कॅसडीचे, बायकांच्या दाराचे प्रुइटचे. कॅसडीची निम्मी मंडळी गिरणीच्या माळ्यावर जमू लागली, प्रुइटची तंबाखूच्या कोठारात. वही प्रुइटकडे, प्रभुभोजनाचा प्याला कॅसडीकडे. दोघेही म्हणत, टार्लटन क्रीकची खरी मंडळी आम्हीच, ते दुसरे फुटले. युद्ध संपले, पण कुलपे तशीच राहिली.

केझाया पहिल्यांदा प्रुइटकडे गेली ती अडुसष्टच्या वसंतात. नऊ मैल चालत. तो ओसरीवर बसला होता. एक पाय गेला होता, युद्धात नव्हे, लाकडे फोडताना.

"केझी! ये. कॉफी घे. बायको गेल्यापासून या घरात कोणाला कॉफी करता येत नाही."

"मी पत्राला आले, मिस्टर प्रुइट."

'मालक' हा शब्द येईल म्हणून तो थांबला असावा. तो आला नाही.

"पत्र देतो की. तू चांगली बाई आहेस, मी कधी नाही म्हटलंय? फक्त एक. सप्टेंबरात पंच येणार आहेत, तीन परगण्यांचे तीन वडीलधारे. खरी मंडळी कोणती ते ठरवणार. कोण आधी उठलं, म्हणजे कोण फुटलं, एवढाच प्रश्न आहे. आमचं त्यांना पटत नाही, त्यांचं आम्हाला. मागच्या बाकावरून मात्र सगळं दिसतं."

"दिसतं."

"मग सांग, कॅसडी आधी उठला. त्याच दिवशी पत्र हातात."

"पंच या सप्टेंबरात येणार?"

"पुढच्या. त्यांना घाई नाही."

कोर्टात असते तर हा प्रश्नच आला नसता. त्या वेळी केंटकीच्या कोर्टात गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष चालत नसे. मंडळीत मात्र पहिल्यापासून चाले, कारण वहीत नाव असलेला प्रत्येक जण भाऊ किंवा बहीण होता.

परतताना ती गिरणीवर थांबली. कॅसडीने तिला पिठाच्या पोत्यावर बसवले आणि पत्राचे ऐकून मान हलवली.

"आम्हीही देऊ. प्याला आमच्याकडे आहे, म्हणजे पत्रही आमचंच खरं. तू एवढंच सांग, प्रुइट आधी उठला." तो पुढे वाकला. "हे बघ केझी, तुझा नवरा कोणाच्या बाजूनं मेला? आमच्याच ना?"

"तो कोणाच्या बाजूनं मेला ते त्याला माहीत होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला माहीत असतं, तर प्रायमसकाका पासष्टच्या नाताळपर्यंत, कायद्यानं सोडवेपर्यंत, तुमची पोती शिवत बसले नसते."

कॅसडी रागावला नाही. उलट हसला आणि म्हणाला, "जीभ तुझी पूर्वीपासून अशी की स्वातंत्र्याबरोबर मिळाली?"

"पूर्वीपासून. बाहेर काढायची सोय नव्हती."

दीड वर्ष ती वाट पाहत राहिली. तिच्या शेजारणीने, खळ विकणाऱ्या लव्हिनियाने, नंतर सांगितले की त्या काळात केझाया इस्त्री करताना एकच वाक्य पुटपुटे. कधी 'कॅसडी आधी उठले', कधी 'प्रुइट आधी उठले'. लव्हिनिया म्हणाली, "अगं, एक धर आणि सांगून टाक. दोघांचंही वाटोळं झालं तर तुझं काय जातंय?" केझाया म्हणाली, "दोन्ही तोंडात नीट बसत नाहीत."

पंच १८६९ च्या सप्टेंबरात आले. चर्चची कुलपे काढायची कोणी आधी, यावर एकमत झाले नाही म्हणून बैठक बाहेर अक्रोडाच्या झाडाखाली भरली. कॅसडीची माणसे झाडाच्या एका बाजूला, प्रुइटची दुसऱ्या बाजूला, मध्ये मेज. केझायासाठी बाक आणला नव्हता. ती उभी राहिली. तिच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा पावले मोकळी जागा होती.

पंचांतले सर्वांत वृद्ध, ट्रिबल नावाचे गृहस्थ, कानाने थोडे अधू होते पण नियमावली त्यांना पाठ होती. प्रश्न त्यांनीच विचारले.

"बहिणी, त्या दिवशी कोण आधी उठलं?"

"कॅसडींचा कुत्रा."

एका बाजूने हशा आला. दुसऱ्या बाजूने उशिराने आला.

"माणसांतलं सांगा."

"माणसं बरोबरच उठली. हे त्या दारानं गेले, ते या दारानं. पाळकसाहेब शेवटी गेले."

प्रुइट म्हणाला, "केझी, नीट आठव."

"आठवूनच सांगतेय. तुम्ही बायकांच्या दारात मिसेस प्रुइटच्या झग्यावर पाय दिला होता. शिवण उसवली. ती मीच परत घातली."

ट्रिबल यांनी कानामागे हात धरला. "सभा सोडून परवानगीशिवाय जाणारा बाहेर पडला असं समजतात. जे आत राहतात ती मंडळी. मग मागं कोण राहिलं?"

"आम्ही तिघं."

"तुम्ही का नाही उठलात?"

"सभा संपली नव्हती. प्रार्थना झाल्याशिवाय सभा संपत नाही, असं आम्हाला इथंच शिकवलं होतं. आम्ही बसून राहिलो. कोणीतरी परत येईल असं वाटलं. ऊन खिडकीतून भिंतीवर गेलं तरी कोणी आलं नाही. तेव्हा प्रायमसकाका उठून पुढे गेले आणि त्यांनी शेवटची प्रार्थना केली. मग आम्ही खिडक्या लावून निघालो."

"काय प्रार्थना केली?"

"ती आमच्या मंडळीची होती, साहेब."

नियमावली सगळ्यांनाच येत होती. बाहेर गेलेले सगळे बाहेर होते, आणि आत राहिलेल्यांतली दोन माणसे मेली होती. तिसरी उन्हात उभी होती.

मधल्या पंचाने घड्याळ पाहिले आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली. दोन्ही बाजूंच्या बायकांनी आपापली फडकी पसरली: खारवलेले मांस, घेवडा, मक्याची भाकरी. केझायाला कुठल्या फडक्यावर बोलवायचे हे कोणाला सुचले नाही, म्हणून कोणी बोलवले नाही. ती विहिरीवर पाणी प्यायला गेली. तिथे ट्रिबल काठी टेकत आले.

"नियमानं बघितलं," ते म्हणाले, "तर आज सकाळपर्यंत टार्लटन क्रीकची मंडळी म्हणजे तुम्ही."

"मग माझं पत्र मीच लिहायचं?"

"एकट्या माणसाची मंडळी होत नाही. दोन तरी लागतात. तो म्हातारा कधी वारला?"

"सहासष्टच्या मार्चात."

"मग तेव्हाच बंद पडली. बंद पडलेल्या मंडळीच्या माणसाला शब्दावर घेता येतं. तुमच्या पाळकाला सांगा."

"तुम्ही लिहून द्याल?"

ट्रिबल यांनी बादलीतल्या पाण्याकडे पाहिले. "हे लिहिलं, तर इथल्या अठ्ठावन्न गोऱ्या माणसांना सात वर्षं मंडळीच नव्हती असं लिहावं लागेल. बाकी दोघं सही करणार नाहीत."

"आणि तुम्ही?"

"एकट्याच्या सहीला किंमत नसते," ते म्हणाले आणि जेवायला गेले.

दुपारी निकाल झाला. दोन मंडळ्या, दोन्ही खऱ्या; इमारत एकाआड एक रविवारी. साक्षीबद्दल निकालपत्रात एक ओळ होती: 'काळी बहीण केझी हिला कोण आधी उठले हे सांगता आले नाही.' पत्र तिला कोणी दिले नाही. प्रुइटची माणसे तिच्याकडे न पाहता गाडीत बसली. कॅसडीने टोपीला हात लावला, पण तोंड वळवूनच.

निकालपत्राची एक प्रत त्या भागातल्या सगळ्या बॅप्टिस्ट चर्चना गेली, ऑल्डरटनलाही. ऑक्टोबरातल्या शनिवारी नव्या चर्चमध्ये कामकाजाची सभा होती. केझाया मागच्या भिंतीपासून उठून पुढे आली आणि झाडाखाली सांगितले ते सगळे पुन्हा सांगितले. कुत्र्यासकट. मॅकी यांच्या हातात निकालपत्र होते. त्यांनी ती एक ओळ मोठ्याने वाचली.

"असं मी बोलले नाही," केझाया म्हणाली.

"इथं तसं छापलंय, मावशी."

"छापलेलं दिसतंय मला. वाचता येत नाही, पण दिसतं."

मॅकी यांनी ती ओळ पुन्हा एकदा मनात वाचली. हा माणूस तीन वर्षे कागद मागत होता, आणि त्याच्या हातात आता कागद होता. लव्हिनिया मागून म्हणाली, "सार्जंट, घडी घाला त्याची. बाजारात मासे गुंडाळायला लागतो कागद." दोघी-तिघी हसल्या. मॅकी हसले नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती बायबलमध्ये न ठेवता खिशात ठेवली.

"शब्दावर घ्यायचं तर एक अट आहे," ते म्हणाले. "मंडळी बंद पडलीय हे तुम्ही इथं, सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं म्हणायला हवं. लेखनिक लिहून घेईल. एकदा लिहिलं की लिहिलं."

हे तिने गृहीत धरलेले नव्हते. ईनॉक, प्रायमसकाका आणि ती, तिघांचे जे एक ठिकाण त्या दुपारी उरले होते, ते बंद झाले असे तिनेच म्हणायचे होते. म्हणायला दुसरे कोणी नव्हते. तिने झग्याच्या खिशात हात घातला, बाहेर काढला.

"लिही," ती लेखनिकाला म्हणाली. "टार्लटन क्रीक. तिथं आता कोणी नाही."

"केव्हापासून?" लेखनिकाने विचारले. त्याला रकाना भरायचा होता.

"मी आत्ता उठले तेव्हापासून."

मॅकी यांनी हात वर करायला सांगितले. सगळे वर झाले. पुढच्या बाकावरच्या बायका सरकल्या आणि त्यांनी जागा केली. ती कडेला बसली. लेखनिकाने तारीख घातली. दुसऱ्या दिवशीच्या प्रभुभोजनात त्याच जागी भाकरीची थाळी तिच्याकडे आली तेव्हा तिने एक तुकडा मोडला, आणि डावीकडे कोणी नव्हते म्हणून थाळी थोडा वेळ तिच्या हातातच राहिली. मग मागच्या बाकावरून कोणीतरी हात पुढे केला.